राणीच्या रुपयावर देव का नाही?

खामगावला चांदीची नगरी म्हणतात, ते उगाच नाही. तिथल्या सराफ्यात राणीछाप रुपयाला आजही गिऱ्हाईक आहे. कुणाला लक्ष्मीपूजनासाठी हवा असतो, कुणाला नुसता घरात ठेवायला. असा एखादा रुपया हाती आला तर जरा उजेडात धरून पाहा. समोरच्या बाजूला मुकुट घातलेली, डावीकडं तोंड केलेली व्हिक्टोरिया. अंगावर नक्षीचं वस्त्र, बोट फिरवलं तर भरतकाम जाणवावं इतकं बारीक. कडेला इंग्रजीत ‘व्हिक्टोरिया क्वीन’, आणि १८७७ नंतरचा असेल तर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. मागं फुलापानांच्या महिरपीत ‘वन रुपी, इंडिया’ आणि साल. संपलं.

देवाचं नाव कुठंच नाही! आणि इथंच गंमत आहे, कारण याच बाईच्या इंग्लंडमधल्या नाण्यांवर दोन गोष्टी हमखास असायच्या: ‘देवाच्या कृपेनं राणी’ आणि ‘धर्मरक्षक’. १८४९ मध्ये तिकडं दोन शिलिंगांचं नवं नाणं निघालं आणि त्यावरून हे शब्द गळले. केवढा गहजब झाला! लोकांनी त्याचं नावच ‘बिनदेवाचं फ्लोरिन’ पाडलं. टांकसाळीचा प्रमुख रिचर्ड लालर शील हा आयरिश कॅथलिक, त्यामुळं ‘यानंच मुद्दाम केलं’ असाही संशय घेतला गेला. १८५१ पासून नव्या घडणीच्या फ्लोरिनवर देव मुकाट्यानं परत आला.

आपल्याकडं मात्र १८४० पासून तिच्या नावाचे रुपये बिनदेवाचेच पडत होते. ना लंडनला हरकत, ना खामगावला.

त्याआधीचं तर याहून भारी. १८३५ पर्यंत कंपनी सरकार बंगालमध्ये जे रुपये पाडत होतं, त्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. फारसी मजकुरात त्याचं बिरुद होतं ‘मुहम्मदाच्या धर्माचा रक्षक’. म्हणजे नाणी पाडणारे ख्रिस्ती, नाण्यावर रक्षण इस्लामचं, आणि ती मोजून घेणारे बहुतेक हिंदू सावकार. चांदी खरी असली की कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

बरं, ‘धर्मरक्षक’ ही पदवी इंग्लंडच्या गादीला दिली कुणी? पोपनं. आठव्या हेन्रीनं मार्टिन ल्यूथरच्या विरोधात पुस्तक लिहिलं म्हणून खूश होऊन दहाव्या लिओनं १५२१ मध्ये ती बहाल केली. पुढं घटस्फोटाच्या भानगडीत हेन्रीचं पोपशी फाटलं आणि १५३४ मध्ये तो स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख होऊन बसला. पोपला सोडलं, पदवी नाही सोडली. आजच्या चार्ल्स राजाच्या नाण्यावरही तिची दोन आद्याक्षरं आहेत.

सिंदखेडराजाची तारीख आणि पोपचं पंचांग

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माणसांचा पूर लोटतो. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८, लखुजी जाधवांच्या राजवाड्यात, तिथी पौष पौर्णिमा. पण आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर तसंच मागं मागं उलगडत १५९८ पर्यंत नेलं, तर ती पौर्णिमा १२ ला सापडत नाही. सापडते २२ ला.

चूक कुणाची? कुणाचीच नाही. १२ जानेवारी ही ज्यूलियन, म्हणजे जुन्या रोमन पंचांगातली तारीख आहे. ते पंचांग ऋतूंपेक्षा दहा दिवस मागं पडलं होतं. म्हणून तेराव्या ग्रेगरी पोपनं १५८२ मध्ये फर्मान काढलं: ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर. स्पेन आणि पोर्तुगालनं लगेच मान तुकवली. दोन्हीकडं राजा तेव्हा एकच होता आणि तो कट्टर कॅथलिक.

इंग्लंडचा प्रश्न वेगळा. एलिझाबेथ राणीला पोपनं १५७० मध्येच बहिष्कृत केलेलं. तरी तिच्या पदरचा गणिती जॉन डी यानं हिशेब तपासला आणि दुरुस्ती योग्य असल्याचं सांगितलं. राणीच्या मंत्र्यांचीही तयारी होती. आडवे आले ते बिशप. पोपनं सांगितलेली तारीख आपण पाळायची? छे! सूर्यानं कितीही साक्ष दिली तरी नाही. हा हट्ट १७५२ पर्यंत, म्हणजे तब्बल १७० वर्षं टिकला.

मराठ्यांच्या इतिहासातल्या बऱ्याच तारखा याच जुन्या पद्धतीनं मांडल्या गेल्या आणि तशाच रूढ झाल्या. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही जुनीच. नव्या हिशेबानं तो दिवस १ मार्च. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ सुद्धा जुनी. नवी १६ जून. उत्सव ज्या तारखेला रुजले त्याच तारखेला व्हावेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या तारखांच्या मागं रोम आणि लंडनचं भांडण लपलंय, हे ठाऊक असलेलं बरं.

या भांडणाचा सर्वांत मजेशीर नमुना मुंबईत होता. १६६५ पासून माहीम इंग्रजांचं आणि खाडीपलीकडचं वांद्रे पोर्तुगीजांचं. माहीमला नाताळ येईपर्यंत वांद्र्यात जानेवारी लागलेला असायचा! सकाळी होडीनं पलीकडं जाणारा माणूस दहा दिवस पुढं जायचा आणि संध्याकाळी तेवढाच मागं यायचा. १७०० नंतर हे अंतर अकरा दिवसांचं झालं. त्यातून इंग्रजांचं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला बदलायचं. त्यांच्या लेखी जिजाऊंचा जन्म १५९७ मधलाच.

शेतकऱ्याला रविवार नाही

रविवारच्या सुट्टीचा पहिला सरकारी हुकूम इ. स. ३२१ चा. काढणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. न्यायालयं बंद, शहरातले कारागीर बंद. हुकुमात ख्रिस्ताचं नाव नाही, उल्लेख आहे तो सूर्याच्या पूज्य दिवसाचा. सम्राट दोन्ही दगडांवर पाय ठेवून होता. बाप्तिस्मा त्यानं घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात.

त्या हुकुमातलं पुढचं कलम आमच्या कापूस-सोयाबीनवाल्यांना वाचून दाखवायला हवं. शेतकऱ्यांनी रविवारी खुशाल काम करावं, कारण पेरणीला नेमका तोच दिवस चांगला निघाला आणि हुकला तर देवानं दिलेला हंगाम वाया जाईल! सतराशे वर्षं झाली, शेतकऱ्याच्या सुट्टीचा विषय काही पुढं सरकलेला नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळं, १० जून १८९० पासून. साहेबांचा तो चर्चचा वार. लोखंड्यांनी सांगितलं, रविवार आमच्या खंडोबाचा. दोघांनाही पटलं.

इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, वऱ्हाडात भाडेकरू

आता खास बुलढाण्याचं. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. कारण धर्माचं नव्हतं, उधारीचं होतं: हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला होता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडं, बदल्यात वर्षाला २५ लाख रुपये. मालकी मात्र निजामाचीच. पुढं १९३६ मध्ये त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला.

म्हणजे चिखलीत किंवा मेहकरात १९१० साली उभं राहून कुणी विचारलं असतं, ‘इथं राज्य कुणाचं?’ तर उत्तर असं द्यावं लागलं असतं: कागदोपत्री हैदराबादच्या सुन्नी निजामाचं, कारभार प्रोटेस्टंट राजाचा, जो इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आणि इथला पट्टेदार. प्रजा विठ्ठलभक्त, महानुभाव, जैन, मुसलमान. आणि धर्मप्रचार करणारे साहेब? ते इंग्रज नव्हतेच, अमेरिकन होते! ए. बी. सिम्पसन यांच्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चं मुख्य ठाणं अकोल्याला, आणि काम खामगाव, मलकापूर, बुलढाणा इथंही. ज्या देशाच्या घटनेनंच सरकारी चर्च स्थापायला मनाई केलीय, त्या देशातून ही मंडळी आली होती. इतकी खिचडी युरोपात शोधून सापडायची नाही.

राज्यकर्त्यांचं लक्ष कुठं होतं ते एका गोष्टीवरून कळतं. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं खामगावला आला. कशाला? जलंब-खामगाव रेल्वे सुरू करायला. आठ मैलांचा फाटा, पण कापसाचा!

मिशनऱ्यांनो, परत जा!

‘इंग्रज आले ते धर्म पसरवायलाच’ असं सर्रास बोललं जातं. कंपनीची कागदपत्रं वेगळंच सांगतात. तिला मिशनरी म्हणजे कटकट वाटे. लोक बिथरले तर व्यापार बसेल, ही भीती.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांच्या हाती पडला तो परतीचा हुकूम. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं, म्हणजे हे शत्रूच्या मुलखातले. दोघं गुपचूप जहाजानं निसटले, कोचीनपर्यंत पोचले, तिथून त्यांना धरून परत मुंबईला आणलं. गव्हर्नर सर इव्हान नेपिअन मनानं धार्मिक होता. त्यानं वेळ काढला, तेवढ्यात लंडनच्या पार्लमेंटनं त्याच वर्षी कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना दार उघडलं. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं ते असं, हुकूम मोडून.

आणि लोकांना बिथरू न देणारी ही कंपनी पुण्यात काय करत होती? ब्राह्मणांना मिळणारी पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा पुढं चालवत होती! मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं त्याच निधीतून काही रक्कम वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. दक्षिण भारतात तर देवस्थानांचा कारभारही कंपनीकडं होता आणि उत्सवाला पलटणीची सलामी असे. मद्रासचा सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड याला ते इतकं खटकलं, की त्यानं १८३८ मध्ये राजीनामाच दिला.

दुसऱ्या बाजूला गोऱ्या शिपायांसाठी सरकारी पगाराचे पाद्री होतेच आणि त्यांचा पगार निघायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून. हे खातं इंग्रजी राज्य असेपर्यंत चाललं.

दोन भाऊ

सिंदखेडराजाहून जालना हाकेच्या अंतरावर. तिथल्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीची कथा कादंबरीला पुरेल. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनच्या घरात राहायला गेला. वडील कोर्टात गेले. इंग्रज न्यायाधीशांनी निकाल दिला: मुलगा अजाण आहे, बापाच्या हवाली करा. मिशनरी हरले, तेही ख्रिस्ती राणीच्या न्यायालयात.

पण घरी आलेल्या श्रीपतला जातीत कोण घेणार? तो मिशनऱ्यांच्या हातचं जेवलेला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्यासाठी झटले आणि सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. कोर्टाचा निकाल सोपा होता, भटजींचा मिळवणं कठीण.

थोरले नारायणराव पुढं जालन्याच्या बाजूला कामाला लागले. वसाहतीसाठी त्यांना जमीन दिली कुणी? निजामाचा दिवाण सर सालारजंग यानं. ब्राह्मणाचा झालेला प्रेस्बिटेरियन पाद्री, त्याला मुसलमान दिवाणाची जमीन, आणि बेथेलमध्ये वसली ती प्रामुख्यानं गावकुसाबाहेरची माणसं. धर्म आणि सत्ता यांचं गणित पाठ्यपुस्तकात इतकं वेडंवाकडं कधी येत नाही.

संतांच्या हाती राजदंड

युरोपात पोप आणि राजे यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद शतकानुशतकं चालला. १०७७ च्या जानेवारीत चौथा हेन्री हा जर्मन राजा कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राहिला, पोपनं माफ करावं म्हणून. १८०४ मध्ये नेपोलियननं पोपला पॅरिसला बोलावलं आणि त्याच्यासमोर मुकुट स्वतःच्या हातानं डोक्यावर ठेवला. फिटंफाट!

गोव्यात मात्र एका व्हाइसरॉयनं या सगळ्यांवर ताण केली. साल १६८३. जिजाऊंचे नातू संभाजीराजे गोव्यावर चालून आले. नोव्हेंबरात जुवे बेटावरचा किल्ला पडला. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः लढायला गेला आणि पराभूत होऊन परतला. गोवा शहर आता जातं की मग जातं. तेव्हा तो बॉम जेझूस चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला. सोबत नेमणुकीची राजपत्रं आणि स्वतःच्या सहीचा कागद: यापुढं राज्य तुम्हीच सांभाळा! झेवियरला जाऊन तेव्हा १३१ वर्षं झाली होती.

थोड्याच दिवसांत मराठी फौज मागं फिरली. औरंगजेबाचा शहजादा शाह आलम मोगल सैन्य घेऊन घाट उतरत होता, म्हणून राजांना वळावं लागलं. पोर्तुगीजांनी श्रेय दिलं ते संताला. औरंगजेबाच्या पोराच्या नावानं मेणबत्ती लावायची कशी? पुढं नव्या गव्हर्नरनं झेवियरच्या समाधीपाशी जाऊन दंड स्वीकारायचा, अशी रीतच पडली.

हाच आल्व्होर. संकट टळल्यावर, जून १६८४ मध्ये, त्यानं फर्मान काढलं की गोवेकरांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. कोकणी अजून जिवंत आहे, फर्मान अभ्यासकांच्या कपाटात.

या फर्मानाच्या आधी सत्तर वर्षं गोव्यातल्याच एका पाद्र्यानं नेमकं उलटं केलं होतं. थॉमस स्टीफन्स, मूळचा इंग्लंडचा. प्रोटेस्टंट राणीच्या राज्यात कॅथलिक राहणं म्हणजे तुरुंगाची तयारी, म्हणून तो रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्यानं जवळजवळ ११ हजार मराठी ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये छापून निघालं. एलिझाबेथच्या धाकानं मराठीला एक कवी मिळाला! त्या काळच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही, हे दुर्दैव.

गोव्यातलं सगळंच असं गमतीचं नाही. १५६० ते १८१२, मधली काही वर्षं वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं आणि त्याच्या फेऱ्यात मुख्यतः नवख्रिस्ती सापडले, जुने रीतिरिवाज सुटेनात म्हणून. त्यावर चटपटीत लिहिता येत नाही.

सेंट अँथनीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पोर्तुगीज फौजेत हा संत कप्तान होता आणि त्याच्या नावे पगार निघायचा. जुन्या गोव्यात त्याची मूर्ती वर्षातून एकदा खजिन्यावर पगार घ्यायला नेत. एका गव्हर्नरनं हा खर्च बंद केला आणि पुढच्याच वर्षी संताच्या सणाच्या दिवशी तो जिन्यावरून गडगडला, असं सांगतात. पगार चालू झाला.

आर्चबिशप: एकदा तुमचा, एकदा आमचा

मुंबईच्या कॅथलिकांवर हुकमत कुणाची? पोर्तुगालच्या राजानं नेमलेल्यांची की थेट रोमची? इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांना हाकलून रोमचे कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले. पुढं भांडण विकोपाला गेलं तेव्हा, १७९४ मध्ये, चर्चेसची दोघांत चक्क वाटणी करून दिली. वाटणी करणारी कंपनी प्रोटेस्टंट! १९२८ मध्ये तडजोड निघाली: मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पहिले जोआकिम लिमा, नंतर लिव्हरपूलहून आलेले थॉमस रॉबर्ट्स. स्वातंत्र्यानंतर या पाळीला अर्थच उरला नाही. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

बुलढाणा जिल्हा, मध्य प्रदेश

हो, १९५६ पर्यंत तसंच होतं, राजधानी नागपूर. १४ एप्रिल १९५४ ला मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न असा होता, की ख्रिस्ती सरकार हिंदूंच्या देवस्थानांत कसं? आता प्रश्न उलटला: परदेशी पैशावर चालणाऱ्या चर्चकडं लोकनियुक्त सरकारनं कसं पाहायचं? अहवाल १९५६ मध्ये आला, खळबळ माजली, बाजूनं आणि विरुद्ध भरपूर लिहिलं गेलं.

वऱ्हाडचे जिल्हे तेव्हा त्या राज्यात, म्हणून बुलढाणाही या समितीच्या कक्षेत. पण त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि जिल्हा मुंबई राज्यात गेला. मध्य प्रदेशानं धर्मांतराबाबतचा कायदा केला तो १९६८ मध्ये. तोवर मुंबई राज्याचं विभाजन होऊन बुलढाणा महाराष्ट्रात येऊनही आठ वर्षं झाली होती.